द्राक्षाच्या मोहात पडू नका, काजूचे बोंडू वेळेत उतरवा : कोकणच्या बागायतदारांसाठी उन्हाळी सल्ला

फेब्रुवारी उजाडला की नाशिकला फिरून आलेले आपले बागायतदार एकच प्रश्न विचारतात : तिकडे वाईनच्या द्राक्षांवर घरं उभी राहिली, मग आपल्या वरकस जमिनीत वेल का लावू नये? दरवर्षी मी त्यांना थांबवतो, यंदाही थांबवतो आहे. मांडवाचे अँगल, तारा आणि ठिबकवर पैसे घालण्याआधी वेल वर्षभर काय मागतो ते समजून घ्या.

महाराष्ट्रात द्राक्षवेल थंडीत झोपी जात नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. घड धरणार की नाही, हे मात्र खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांतच काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, ठरतं. त्या दिवसांत डोळ्याला लख्ख ऊन हवं असतं. आता हिशेब करा. १५ एप्रिलला छाटलं तर हे दिवस मेअखेर ते जूनच्या मध्यात, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर येतात. आभाळ दाटलं की घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. छाटणी मार्चात ओढून घेतली तरी पुढे चार महिने पानं केवडा आणि करपा या बुरशीच्या रोगांच्या तोंडी जातात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात त्याच्या पाव हिस्साही पडत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. नाशिकला पौष-माघात पारा १० अंशांच्या खालीही उतरतो. आपल्या किनाऱ्यावर रात्र दमटच राहते. रात्री उबदार असल्या की फळातलं आम्ल जळत जातं आणि काळ्या द्राक्षाला रंगही नीट चढत नाही. उष्ण, कोरड्या प्रदेशातले जाणकार याच गणितावर वाण निवडतात. ऑस्ट्रेलियातल्या बरोसामध्ये शिराज आणि ग्रनाश ही उन्हाला न डगमगणारी काळी द्राक्षं आहेत. ऊन भरपूर असल्यामुळे साखर चढते आणि वाईन दाट, अंगाने भरलेली, जास्त मद्यार्काची होते. नाशिकला शिराज आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉनबरोबर शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी द्राक्षंही आहेत. हलकी, ताजी पांढरी वाईन हवी असेल तर ती आम्ल उतरायच्या आत काढतात. उष्ण भागात रात्री किंवा पहाटे तोडणी करतात, तीही फळ थंड असतानाच कारखान्यात पोहोचावं म्हणून.

हाच धडा आपण उचलायचा, वेल नव्हे. फळ थंड वेळी काढायचं, ते आंबायच्या आत पोहोचवायचं आणि साखर-आम्ल मोजून विकायचं. त्यासाठी आपल्याकडे बोंडू, म्हणजे टोकाला काजू बी लागलेली रसाळ फळं, पडलेलेच आहेत, अक्षरशः पडलेले. एक किलो काजू बीमागे सहा ते आठ किलो बोंडू निघतो आणि त्यातला बहुतेक झाडाखाली कुजतो. हे पाहून मला दरवर्षी जीव तुटल्यासारखं होतं.

रसासाठी पडलेला बोंडू घेऊ नका. कातळावर आपटून तो फुटतो आणि तासाभरात माश्या बसतात. बी पूर्ण तयार झालेली, बोंडू रंगलेला पण घट्ट, असा सकाळी नऊच्या आत झाडावरून उतरवा. बी दोऱ्याने किंवा पिरगळून अलगद काढा, बोंडूचा बीकडचा भाग फाटू देऊ नका. उथळ क्रेटमध्ये दोन-तीन थरच ठेवा, गोणीत मुळीच भरू नका. उतरवल्यापासून २४ तासांच्या आत रस निघालाच पाहिजे. ढेकण्या या काजूवरच्या किडीसाठी फवारणी केली असेल तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ उलटल्याशिवाय त्या झाडांना हात लावू नका.

बोंडूच्या रसात टॅनिन असतं, त्यानेच घसा खवखवतो. लोखंडी विळा, कढई किंवा पिंप लागलं की रस काळा पडतो, म्हणून सगळं स्टीलचं किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचं वापरा. रस निवळायला साबुदाण्याची पातळ खळ चालते. लिटरला पाच ग्रॅम साबुदाणा शिजवून, गार करून रसात ढवळा आणि रात्रभर थंड जागी ठेवा, गाळ तळाशी बसतो. हे करणाऱ्याने फ्रीज किंवा बर्फाची सोय आधी करावी. एप्रिलच्या उकाड्यात उघड्यावर ठेवलेला रस सकाळपर्यंत फसफसलेला मिळेल.

वाईनसाठी रस देणाऱ्यांनी ब्रिक्समीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं साधन, घ्यावाच. बोंडूच्या रसाचा ब्रिक्स साधारण १० ते १३ भरतो, वाईनच्या द्राक्षाचा २० च्या पुढे जातो. म्हणून कारखानदाराला साखर घालावी लागते. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर मद्यार्काचा एक टक्का देते. तुमचा रस दोन ब्रिक्सने जास्त भरला तर त्याची तेवढी साखर वाचते. दराची बोलणी करताना हे सांगा. मात्र घरी वाईन आंबवू नका, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. परवानाधारक कारखान्याशी बोलणी हंगामाआधी पक्की करा. ताजा रस किंवा सरबत विकायचं तर अन्न परवाना लागेल. वाणांची माहिती वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात मिळते. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ हे वाण त्यांचेच आहेत. ज्या झाडांचा बोंडू रसाळ आणि कमी तुरट, त्यांच्या खोडाला आत्ताच खूण करून ठेवा.

बोंडूसारखंच जांभूळ रसासाठी काढायचं तर त्याचं वेळापत्रक याहून अवघड. फळ मेअखेर ते जूनमध्ये पिकतं आणि एक वळिवाची सर आली की ते तडकतं, गोडी पातळ होते. झाडाखाली जाळी ताणून ठेवा, आभाळ भरून येऊ लागलं तर पूर्ण काळी पडलेली फळं त्याच सकाळी उतरवून घ्या. करवंदं त्याआधीच येतात, पण ती आंबट आणि चिकाची. त्यांना स्वतंत्र क्रेट ठेवा, बोंडूत मिसळू नका.