गृहकर्जाच्या अर्जात कपडे, चेहरा आणि सही : बँक नेमकं काय पाहते

गृहकर्जासाठी बँकेत जाताना दाढी करून जावं का, इस्त्रीचा शर्ट लागतो का, पत्नी सहकर्जदार असेल तर तिनं साडीच नेसावी का, असे प्रश्न लोक मनापासून विचारतात. विचारायला संकोच वाटतो, पण धाकधूक खरी असते. सरळ उत्तर असं, की कर्ज मंजूर करणारा अधिकारी बहुतेक वेळा तुम्हाला पाहतच नाही. शाखेत किंवा एजंटाकडे दिलेली फाइल स्कॅन होऊन कर्ज प्रक्रिया केंद्रात जाते (स्टेट बँकेत त्याला आरएसीपीसी म्हणतात). तिथे बसलेल्या माणसापुढे तुमचा फोटो असतो, सही असते, आकडे असतात आणि पडताळणीचे अहवाल असतात. तुमचे बूट त्या टेबलापर्यंत पोचत नाहीत.

तरीही तीन-चार जागा अशा आहेत जिथे तुमचा चेहरा, तुमची सही, तुमचं घर किंवा दुकान प्रत्यक्ष पाहिलं जातं, आणि तिथे फाइल अडकते. तयारी त्या जागांची करायची.

आधी आकडे

क्रेडिट स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं तुम्ही किती नीट फेडलीत हे सांगणारा आकडा, ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ७५० च्या वर असेल तर बोलणी सोपी होतात आणि व्याजदरही बरा मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्ज करण्याच्या दोन-तीन महिने आधी तो काढा. बंद केलेलं क्रेडिट कार्ड चालू दिसतंय का, फेडलेलं कर्ज ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीत मिटवलेलं) म्हणून नोंदलंय का, कुणाला जामीन राहिला असाल तर ते हप्ते थकलेत का, हे बघा. चूक असेल तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. दुरुस्तीला महिनाभर जाऊ शकतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

दुसरा आकडा हप्ता पेलण्याच्या ताकदीचा. ढोबळमानाने सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत चालतात. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर एक लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. हातात ८०,००० रुपये पगार असेल तर ४०,००० हप्त्यांसाठी उरतात. त्यातच ४,००० रुपयांचा दुचाकीचा हप्ता चालू असेल तर उरले ३६,०००, म्हणजे साधारण साडेएक्केचाळीस लाखांचं कर्ज. तो एक दुचाकीचा हप्ता तुमच्या घराच्या कर्जातून साडेचार लाखांहून जास्त कापून नेतो. नवा सूट शिवण्याच्या पैशात दुचाकीचे शेवटचे हप्ते फेडता येत असतील तर ते आधी फेडा.

तिसरा आकडा स्वतःच्या खिशातला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढीच कमाल रक्कम देता येते. दहा लाखांच्या वरच्या घरांत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती वेगळी भरावी लागतात. ही जुळवाजुळव बँक खात्यात दिसायला हवी. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून आलेली मोठी रक्कम खात्यात दिसली की ‘हे कुठून आले?’ हा प्रश्न हमखास येतो.

फोटो आणि चेहरा

फोटो अलीकडचा असावा, सहा महिन्यांच्या आतला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. सगळ्या अर्जदारांच्या सगळ्या फॉर्मवर एकाच वेळी काढलेला फोटो लावा. अर्जावर फोटोवरून आडवी सही मागतात, ती अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर यावी, पण चेहऱ्यावरून जाऊ नये. स्टेपलरची पिन डोळ्यांतून मारलेले फोटो स्कॅनमध्ये वाचता येत नाहीत आणि फाइल परत येते. डोक्यावर पदर, फेटा, पगडी, टोपी, हिजाब यांपैकी काही नेहमी वापरत असाल तर वापरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा दिसला की झालं.

खरी अडचण जुन्या कागदांची असते. अठराव्या वर्षी काढलेल्या पॅन कार्डावरचा फोटो आणि पंचेचाळिशीतला माणूस यांचा मेळ लागत नाही. दाढी वाढली, केस गेले, आजारपणात वजन उतरलं, यात गैर काही नाही, पण तपासणाऱ्याला दोन्ही चेहरे एकाच माणसाचे आहेत हे कळायला हवं. आधार केंद्रावर फोटो नव्याने काढून घेता येतो, पॅनवरचा फोटो आणि सहीही दुरुस्ती-अर्जाने बदलता येते. अर्ज करण्याआधी महिनाभर हे उरका.

ओळख पडताळणी व्हिडिओ कॉलवर होणार असेल तर उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको. चष्म्यावर चमक येत असेल तर क्षणभर काढा. मूळ पॅन कार्ड हाताशी ठेवा, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. फोनचं लोकेशन चालू ठेवा, कारण तुम्ही भारतातच आहात हे त्या वेळी तपासलं जातं. बाजूला बसून कुणी उत्तरं सुचवू नयेत. तसं दिसलं तर अधिकारी कॉल तिथेच थांबवू शकतो.

गवंडी, शेतकरी, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि आधारचं यंत्र ते घेत नाही. यात लाजण्यासारखं काहीच नाही, ते कष्टाचे हात आहेत. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून पडताळणी करायला सांगा. तो मोबाइल नंबर चालू आहे ना, हे आधी बघा. दस्तनोंदणीच्या दिवशीही दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, तेव्हा त्या दिवशी हाताला मेंदी किंवा सिमेंट नको.

सही : पुष्कळ फायली इथे परत येतात

अर्जावरची सही, पॅनवरची सही आणि पगाराच्या खात्यातली सही या तिन्ही एकसारख्या हव्यात. पॅनवर कॉलेजात असतानाची गोलगोल सही, बँकेत घाईची रेघ आणि अर्जावर पूर्ण नाव, अशी तीन रूपं असली की बँक खात्यातल्या सहीचं प्रमाणपत्र मागते. खातं असलेल्या शाखेत जाऊन सही पडताळून शिक्क्यासह लिहून घ्यायचं, एवढंच ते काम, पण त्यात चार दिवस जातात. हप्ता आपोआप वळता होण्यासाठी जो मँडेट भरता, त्यावरही खात्यातलीच सही करा. ती जुळली नाही तर मँडेट नाकारला जातो. तो नव्याने देईपर्यंत हप्ता हाताने भरत राहा, नाहीतर कर्जाचा पहिलाच हप्ता चुकतो आणि स्कोअर तिथेच घसरतो.

मराठीत सही करत असाल तर खुशाल करा. इंग्रजी कागदावर मराठी सही असली की मजकूर समजावून सांगितल्याचं एक घोषणापत्र बँक घेते. ते कोरं असताना सही करू नका. कुणीतरी खरोखर मजकूर वाचून दाखवल्यावरच करा.

नावाचंही तसंच. आधारवर ‘सुनील रामचंद्र पाटील’, पॅनवर ‘पाटील सुनील आर’ आणि सातबाऱ्यावर फक्त ‘सुनील रामा’ असेल तर तिघं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच दिवशी फाइलला लावावी. माहेरच्या नावाची दहावीची सनद आणि सासरच्या नावाचं आधार यांच्यातला दुवा तोच कागद असतो.

घरी आणि कामावर येणारी पडताळणी

फाइल दाखल झाली की काही दिवसांत बँकेनं नेमलेल्या संस्थेचा माणूस घरी आणि कामाच्या ठिकाणी येतो. तो फर्निचरची किंमत काढायला येत नाही. तुम्ही सांगितलेल्या पत्त्यावर खरोखर राहता का, किती वर्षं राहता, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात किती माणसं, कमावते किती, हे तो विचारतो. शेजाऱ्याला किंवा वॉचमनलाही विचारतो आणि दाराचा फोटो काढतो.

अहवाल नकारार्थी जाण्याची कारणं बहुतेक साधी असतात. दाराला कुलूप होतं. दारावर आधीच्या भाडेकरूच्या नावाची पाटी होती. चाळीत तुम्हाला ‘बंड्या’ म्हणून ओळखतात आणि शेजारी म्हणाला, असं कुणी इथे राहत नाही. घरमालकानं कर चुकवण्यासाठी ‘भाडेकरू नाही’ सांगितलं. म्हणून अर्ज दिल्यावर दारावर पूर्ण नावाची पाटी लावा, कागदावर लिहून चिकटवली तरी चालते. वॉचमन आणि शेजारी यांना सांगून ठेवा. भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार घरात ठेवा. अनोळखी नंबरचे फोन त्या आठवड्यात उचला, आणि ऑफिसात एचआरलाही कल्पना द्या. घरातल्या दुसऱ्या माणसालाही पगार, जुनी कर्जं आणि घराची किंमत माहीत असू द्या. पतीनं सांगितलेला पगार आणि पत्नीनं सांगितलेला पगार वेगळा निघाला की शंका येते. एखाद्या आकड्याची आठवण नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणावं, अंदाज ठोकू नये.

धंदा असेल तर

स्वतःचा व्यवसाय असेल तर बँकेचा किंवा गृहवित्त कंपनीचा (घरासाठी कर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपनीचा) क्रेडिट अधिकारी, म्हणजे कर्ज द्यावं का हे तपासणारा माणूस, स्वतः भेटायला येतो. दिसण्याचा परिणाम सर्वांत जास्त इथे होतो, पण तो धंद्याच्या दिसण्याचा. भेट कामाच्या वेळी, कामाच्या जागीच ठेवा. गॅरेजवाल्यानं ग्रीस लागलेल्या कपड्यांत भेटणं घरी सूट घालून बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. अधिकारी पाहतो ते पाटीवरचं नाव आणि गुमास्ता (दुकानाचा परवाना) किंवा उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणीवरचं नाव एकच आहे का, माल किती, कामगार किती, गिऱ्हाईक येतं का. मग तो विचारेल की दिवसाला गल्ला किती, उधारी किती, माल कुणाकडून घेता, मंदीचे महिने कोणते. महिन्याला दोन लाखांची विक्री लिहिली आणि दुकानात वीस हजारांचाही माल नाही, तर माल किती वेळा भरता याचं उत्तर तयार हवं. खरेदीची बिलं, रोजची वही, यूपीआयची जमा आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं समोर ठेवा.

भाजीवाले, रिक्षावाले, घरगुती डबे करणाऱ्या बायका यांच्याकडे विवरणपत्रं नसली तरी काही गृहवित्त कंपन्या उत्पन्नाचा अंदाज काढून कर्ज देतात, त्याचं व्याज मात्र चढं असतं. तिथे अधिकाऱ्याच्या टिपणाला फार वजन असतं. तेव्हा नीट, न बिचकता, खर्च न लपवता बोलणं महत्त्वाचं. दोन महिने रोजची जमा-खर्चाची वही लिहा आणि रोख गल्ल्यातला काही भाग दर आठवड्याला बँकेत भरा. भेटीपुरता शेजारच्या दुकानातला माल आणून रचायचा किंवा खोटी बिलं लावायची असा सल्ला एखादा एजंट देतो. तो ऐकू नका. खोटा कागद सापडला तर त्याची नोंद बँकांच्या फसवणूक-तपासणी यंत्रणेत राहते आणि मग दुसऱ्या बँकेचंही दार बंद होतं.

मग कपड्यांचं काय?

स्वच्छ, नेहमीचे कपडे, बस्स. टॅटू, रंगवलेले केस, दाढी यांच्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही. केस काळे केल्यानं मुदत वाढत नाही. मुदत जन्मतारखेवर ठरते आणि नोकरदारांचं कर्ज साधारणपणे निवृत्तीच्या वयापर्यंत संपावं अशी अट असते. वय जास्त असेल तर कमावत्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार घ्या.

नकार आला तर

लिंग, जात किंवा धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही, हे बँकांच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. कर्ज नाकारल्याचं मुख्य कारण लेखी कळवणंही बँकेवर बंधनकारक आहे, रक्कम कितीही असो. ‘तुमची प्रोफाइल बसत नाही’ एवढं तोंडी ऐकून परत येऊ नका. अर्ज क्रमांक घालून ईमेलनं कारण मागा. शाखेत कुणी अपमानास्पद बोललं तर तारीख, वेळ आणि काय म्हटलं ते त्याच दिवशी लिहून बँकेच्या तक्रार कक्षाकडे पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) सीएमएस या तक्रार-पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनीबद्दलची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलत नाही. म्हणून तक्रारीत ‘कर्ज दिलं नाही’ असं न लिहिता ‘लेखी कारण दिलं नाही’, ‘अर्जावर इतके दिवस उत्तर नाही’ किंवा ‘अशी वागणूक मिळाली’ असं नेमकं लिहा आणि अर्जाची पोच जोडा. लेखी कारण हातात आलं की ते दुरुस्त करूनच पुढचा अर्ज करा. एका महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकले तर पाचही चौकश्या अहवालात नोंदल्या जातात आणि स्कोअर आणखी खाली येतो.