पन्नाशी ओलांडलेल्या ऑर्केस्ट्राने नवा अल्बम कसा करावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या लग्नसराईत वर्षानुवर्षे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवलेले अनेक वादक आज पन्नाशीच्या पुढे गेले आहेत. स्वतःचा अल्बम काढायचे ठरले की त्यांचा पहिला विचार डीजेची गती गाठण्याचा असतो, आणि माझ्या मते नेमके तेच टाळायला हवे. काम सुरू करण्याआधी क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जर्मन संचाचा ‘टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स’ हा २००३ चा अल्बम हेडफोन लावून सलग ऐकावा.

राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे हा संच उभा केला. १९८६ नंतर तब्बल सतरा वर्षे त्यांचा पूर्णतः नव्या रचनांचा अल्बम आला नव्हता. १९९१ मध्ये आल्या त्या जुन्याच रचना, नव्याने बांधलेल्या. दरम्यान त्यांच्याच वाटेने निघालेले टेक्नो, म्हणजे यंत्रांवर केलेले नृत्यसंगीत, जगभर पसरले होते, तरीही पन्नाशी उलटलेल्या या दोघांनी तरुणांची नक्कल केली नाही. ह्युटर स्वतः सायकलवेडे होते आणि २००३ मध्ये टूर द फ्रान्स या फ्रान्समधील सायकल शर्यतीची शताब्दी होती, म्हणून त्यांनी श्वास आणि हृदयाचे ठोके यांतून ताल उभा केला आणि १९८३ चे आपलेच शर्यतीवरचे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले.

यावरून आपले काम सुरू करावे. संचातील प्रत्येकाने आपण आज रोज काय करतो आणि काय ऐकतो ते लिहून काढावे. धरणगावकडच्या वादकाच्या कानात जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, घरघर असेल, भुसावळच्या वादकाच्या कानात रेल्वे. हे आवाज मोबाइलवर घेता येतात. मात्र जिनिंगमध्ये यंत्राजवळ उभे राहिल्यास आवाज फाटतो, म्हणून दाराबाहेर थांबून मुद्रण करावे. रेल्वेचा जुना खडखडाट हवा असेल तर ध्यानात ठेवावे की मुख्य मार्गावरचे रूळ आता वेल्डिंगने सलग जोडलेले असतात, त्यामुळे तो ठोका प्रामुख्याने सांधे बदलण्याच्या जागी ऐकू येतो, आणि तो फलाटावरूनच, रुळांपासून दूर राहून टिपावा. मिळालेल्या आवाजातला एखादा नियमित तुकडा कापून त्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, करावा आणि त्याची स्वाभाविक लय हीच गाण्याची लय मानावी. यंत्राला ओढून वेगात आणले की त्याचा जीव जातो, असे मला मनापासून वाटते.

गायकाच्या पट्टीबद्दल संकोच बाळगू नये. पूर्वी काळी दोनमध्ये गाणाऱ्याचा आवाज आता पांढरी एकमध्ये खुलत असेल तर कीबोर्डचा ट्रान्सपोज (पट्टी वरखाली करण्याची सोय) उणे तीन करावा. तबल्याची पट्टीही त्याच वेळी उतरवावी, नाहीतर सूर एकीकडे आणि ठेका दुसरीकडे पडतो. जुने गाजलेले गाणे घ्यायचे तर एकच घ्यावे.

शब्दांसाठी संचाबाहेरचा माणूस बोलवावा. डेपेश मोड या इंग्लिश संचातील अँडी फ्लेचर यांचे मे २०२२ मध्ये निधन झाले, आणि उरलेल्या डेव्ह गान व मार्टिन गोर यांचा ‘मेमेंटो मोरी’ मार्च २०२३ मध्ये आला. त्यातील चार गाणी गोर यांनी दुसऱ्या संचाचे गायक रिचर्ड बटलर यांच्या सोबतीने लिहिली होती. आपल्याकडे अहिराणी गीते घ्यायची तर ती घरात अहिराणी बोलणाऱ्याकडून लिहून घ्यावीत; कानबाई या खानदेशी देवीच्या गाण्यांत खोटा शब्द आयाबायांना तत्काळ कळतो.

तयार मिक्स मांडवातल्या मोठ्या साउंडवर आणि साध्या मोबाइलवर, दोन्हीकडे वाजवून पाहावे. मोबाइलवर खर्ज हरवत असेल तर त्याचा आवाज वाढवू नये, तीच चाल एक सप्तक वर हलक्या आवाजात मिसळावी.