बीडीएससाठी नीट देताय? या चुका टाळा

बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. सरकारी कॉलेज असो, खासगी असो की अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, दंतवैद्यकाचा प्रवेश नीट-यूजी या देशपातळीवरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवरच होतो. खासगी कॉलेजातल्या इन्स्टिट्यूट कोट्यालाही नीटची पात्रता लागते. तरीही एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट दिला की दंतवैद्यकाचंही काम होईल, असं समजणारी घरं आहेत. तो गट फार्मसी, कृषी अशा अभ्यासक्रमांसाठी आहे. बीडीएससाठी त्याचा उपयोग शून्य. नीटचा अर्ज भरायची मुदत हुकली तर ते वर्ष गेलंच.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: ‘एमबीबीएस नाही तर बीडीएस तरी मिळेल, तेवढे गुण पडतातच.’ पात्र होणं आणि जागा मिळणं यात मोठं अंतर आहे. खुल्या गटासाठी पात्रता ५० पर्सेंटाइलची, राखीव गटांसाठी ४०ची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के जण तुमच्याइतक्या किंवा कमी गुणांवर आहेत, ते त्यातून कळतं. २०२५ साली खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर आली, म्हणजे जेमतेम २० टक्के. १४४ गुण पडलेला विद्यार्थी यादीत येतो, एवढंच. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबईचं नायर दंत महाविद्यालय हवं असेल, तर लक्ष्य पात्रतेच्या कितीतरी वर ठेवावं लागतं. तयारी ‘बीडीएसपुरती’ करता येत नाही, कारण पेपर सगळ्यांचा एकच आहे.

स्वरूप जुनं धरून सराव करणं

२०२५ पासून पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा आहे. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०, आणि सगळे प्रश्न अनिवार्य. २०२१ ते २०२४ या काळातला ‘१५ पैकी कोणतेही १०’ हा पर्याय आता नाही, आणि २०२२ पासून मिळत असलेली जादा २० मिनिटंही गेली. म्हणून त्या वर्षांचे पेपर प्रश्नांसाठी जरूर सोडवा, पण वेळेच्या सरावाला तसेच्या तसे घेऊ नका. २०० मिनिटांची सवय झालेला हात शेवटच्या वीस मिनिटांत अडखळतो. आपल्या वर्षीचं माहितीपत्रक निघालं की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. क्लासने दिलेला गोषवारा त्याची जागा घेत नाही.

बोर्डाचं पुस्तक आणि नीटचा अभ्यासक्रम एकच समजणं

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं. नीटचा अभ्यासक्रम २०२४ मध्ये बदलला. घन अवस्था, पृष्ठ रसायनशास्त्र, पॉलिमर हे रसायनातले भाग वगळले गेले. जीवशास्त्रातून पचन आणि ज्ञानेंद्रियं गेली. बालभारतीच्या बारावीच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा मात्र घन अवस्थेचाच आहे. बोर्डासाठी तो करावाच लागतो, पण नीटच्या उजळणीत त्याला तास देण्याचं कारण नाही.

उलट बाजूही आहे. काही भाग नीटच्या यादीत आहेत, पण एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकात धड सापडत नाहीत. उदाहरणार्थ माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी ही वनस्पती कुळं. भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचं अख्खं एकक आहे: व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, यंगचा स्थिरांक. प्रॅक्टिकलची वही कॉलेजने लिहून घेतली म्हणून हे आलं असं होत नाही. शून्य त्रुटीच्या चिन्हात मुलं हमखास चुकतात. वाचन २.५४ सेंमी आणि शून्य त्रुटी +०.०३ सेंमी असेल, तर खरं माप २.५१ सेंमी. धन त्रुटी वजा करायची, ऋण त्रुटी मिळवायची. दहा उदाहरणं हाताने सोडवली की हा गोंधळ संपतो.

उपाय साधा आहे. अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तीन खुणांची जागा ठेवा: एनसीईआरटीत आहे, फक्त बालभारतीत आहे, दोन्हीकडे नाही. तिसऱ्या खुणेच्या मुद्द्यांसाठी वेगळ्या टिपणांची चार-पाच पानं पुरतात.

जीवशास्त्र वाचताना धड्याचा मजकूर वाचून आकृतीखालच्या ओळी, तक्ते आणि सारांश सोडून देणं ही आणखी एक सवय. प्रश्नातली विधानं बऱ्याचदा एनसीईआरटीच्या वाक्यातला एकच शब्द बदलून तयार होतात. ढोबळ समज असलेल्याला दोन्ही वाक्यं बरोबर वाटतात.

माध्यम भावनेने निवडणं

अर्जात इंग्रजी निवडलं तर पुस्तिका फक्त इंग्रजीत मिळते. मराठी निवडलं तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. मराठी पुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते, हे कोटा किंवा हैदराबादला राहून तयारी करणाऱ्यांनी केंद्र निवडताना लक्षात ठेवावं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून, असा प्रवास झालेल्यांनी थोडं थांबून विचार करावा. दोन वर्षं ‘माइटोकाँड्रिया’ वाचलेल्या डोळ्यांना ‘तंतुकणिका’ दिसली की क्षणभर अडायला होतं. दोन्ही मजकूर वाचत बसलं तर वेळ दुप्पट जातो. निर्णय अर्जाच्या आधी, एक पेपर त्या माध्यमात सोडवून घ्या.

सराव परीक्षा भरपूर, विश्लेषण शून्य

गुण एका आकड्यावर अडकले की बहुतेक जण आणखी पेपर सोडवायला लागतात. अशाने तीच चूक जास्त वेळा होते. एका सराव पेपरमागे निदान तेवढाच वेळ, म्हणजे तीन तास, चुकांवर द्यायला हवा.

चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एक अक्षर लिहा. ‘न’ म्हणजे मुद्दाच येत नव्हता. ‘व’ म्हणजे प्रश्न वाचताना चूक. ‘ग’ म्हणजे आकडेमोड. ‘अं’ म्हणजे अंदाज. ‘ओ’ म्हणजे उत्तर बरोबर, पण उत्तरपत्रिकेवर भलताच गोल. बरोबर आलेल्या प्रश्नांतही जिथे अंदाज होता तिथे ‘अं’ लिहायचं, नाहीतर हिशेब खोटा ठरतो. पाच पेपरांची बेरीज समोर ठेवली की आजार दिसतो:

‘व’ जास्त असतील, तर अभ्यास वाढवून काही होणार नाही. ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणतं’ या जातीच्या प्रश्नात ‘अयोग्य’ हा शब्द पेनाने गोल करायची सवय लावा. विधान १ व विधान २ किंवा जोड्या लावा असे प्रश्न असतील, तर पर्याय पाहण्याआधी प्रत्येक विधानाशेजारी चूक-बरोबर लिहा. बरोबर उत्तराचे ४ मिळायचे ते १ वजा झाला, म्हणजे एका वाचनचुकीची किंमत ५ गुण. एका पेपरात अशा १४ चुका असतील तर ७० गुण गेले, आणि त्यासाठी नवा धडा शिकायची गरज नव्हती.

‘ग’ जास्त असतील तर कॅल्क्युलेटर बंद करा, आजपासून. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, २, ३ व ५ यांची वर्गमुळं, ३० पर्यंतचे वर्ग हे तोंडपाठ हवं. पर्यायांत फरक मोठा असेल तर ९.८ ऐवजी १० धरून चालतं. फरक थोडा असेल तर नाही. आधी पर्याय पाहा, मग किती बारीक गणित करायचं ते ठरवा.

‘न’ जास्त असतील तर पेपर थांबवून धड्यांकडे परत जायला हवं. परीक्षेला दोन महिने असतानाही हे करायला हरकत नाही. अर्धवट अभ्यासावर रोज पेपर सोडवल्याने फक्त धीर खचतो.

सराव पेपर दुपारी २ ते ५ याच वेळेत द्या. खरी परीक्षा त्याच वेळी असते, आणि जेवणानंतरच्या या तासांत सुस्ती येते. सकाळी ताज्या डोक्याने मिळवलेले गुण दुपारी मिळतीलच असं नाही.

अंदाजाचा हिशेब न करणं

एमएचटी-सीईटीत चुकीला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न मोकळा सोडायचा नसतो. ती सवय घेऊन नीटला बसू नका. पण ‘अंदाज मुळीच नको’ हाही सल्ला चुकीचा आहे. ४ आणि उणे १ या हिशेबात पाचपैकी एक अंदाज बरोबर आला तर नफा-तोटा शून्य. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोघांतून निवडण्यात सरासरी दीड गुणाचा फायदा आहे. एकच बाद झाला असेल तर सुमारे ०.६७.

हे गणित पर्याय खरोखर सारखेच शक्य असतील तेव्हाचं. अर्धवट आठवणाऱ्या मुद्द्यावर चुकीचा पर्याय ओळखीचा वाटावा अशीच प्रश्नाची रचना असते, आणि तिथे बरोबर येण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतं. म्हणून ‘अं’च्या नोंदी महत्त्वाच्या. जीवशास्त्रात तुमचे दहापैकी सहा अंदाज बरोबर येत असतील तर घ्या. भौतिकशास्त्रात दहापैकी एक येत असेल तर तिथे हात आवरा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो.

उत्तरपत्रिका शेवटी भरणं

आधी सगळे प्रश्न पुस्तिकेत सोडवायचे आणि शेवटी एकदम गोल काळे करायचे, ही पद्धत घातक आहे. एका गोलाला चार-पाच सेकंद धरले तरी १८० गोलांना १२ ते १५ मिनिटं लागतात. शेवटच्या घाईत एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं चुकीच्या क्रमांकावर जातात. पुस्तिकेचं एक पान संपलं की त्या पानाचे गोल भरा, आणि दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहा. प्रश्न सोडला तर पुस्तिकेत त्याच्यासमोर मोठी खूण करा, कारण ओळ सरकते ती सोडलेल्या प्रश्नापाशीच.

ओळ सरकल्याचं मध्येच लक्षात आलं तर खाडाखोड करू नका. बॉलपेनचा गोल पुसता येत नाही, आणि एका प्रश्नाला दोन गोल काळे झाले की उत्तर चुकीचं धरलं जातं. कुठून सरकलं ते शोधा, जे भरलं ते तसंच राहू द्या आणि पुढच्या ओळीपासून क्रमांक जुळवून सुरू करा.

पेन केंद्रावरच मिळतं, काळं बॉलपेन. घरच्या सरावातही काळंच बॉलपेन वापरा. पुस्तिका हातात आली की तिचा कोड उत्तरपत्रिकेवरच्या कोडशी जुळतो का ते आधी पाहा. जुळत नसेल तर लिहायला सुरुवात न करता पर्यवेक्षकांना सांगून दोन्ही बदलून घ्या.

वेळेची एक चालणारी वाटणी अशी: जीवशास्त्र ५० मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६५, आणि १५ मिनिटं राखीव. गोल भरणं यातच धरलं आहे. भौतिकशास्त्रात दीड मिनिटात रस्ता दिसला नाही तर पुढे चला. घड्याळ नेता येत नाही, तेव्हा खोलीतल्या घड्याळाकडे दर विषयानंतर पाहायची सवय हवी. आणि जीवशास्त्र आधी व्यवस्थित करण्याला आणखी एक कारण आहे: गुण समान झाले तर क्रम ठरवताना आधी जीवशास्त्राचे, मग रसायनाचे गुण पाहतात.

पुस्तिका घरी नेता येते. उत्तरांच्या खुणा तिच्यात असतील तर नंतर स्कॅन झालेल्या उत्तरपत्रिकेशी आणि उत्तरसूचीशी पडताळता येतं. आक्षेपाला २०२५ मध्ये प्रश्नामागे २०० रुपये शुल्क होतं.

परीक्षेच्या दिवशीच्या चुका थोड्या आहेत, पण त्या दारातच अडवतात. फाटक १.३० ला बंद होतं. पूर्ण बाह्या, बूट आणि धातूच्या वस्तू टाळा. प्रवेशपत्रासोबत पोस्टकार्ड आकाराचा फोटो, पासपोर्ट फोटो आणि मूळ ओळखपत्र लागतं.

कागदपत्रांना निकालानंतर लागणं

चांगले गुण असूनही जागा हातची जाते ती इथे. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. राखीव प्रवर्गाला जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र हवं. पडताळणी समितीकडे त्याला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच करावा. नावातलं एक अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेत आणि आधारवर वेगळं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्या.

राज्याचं नॉन-क्रिमिलेअर आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राचा नमुनाच चालतो. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा विमुक्त-भटक्या जमाती हे राज्याचे प्रवर्ग केंद्राच्या यादीत त्या नावाने नाहीत, त्यामुळे नीटचा अर्ज भरताना आपली जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का हे तपासूनच प्रवर्ग लिहा.

नोंदणीही दोन ठिकाणी करावी लागते. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसी या केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून भरल्या जातात, राज्याच्या जागा सीईटी कक्षाकडून. एकीकडे नोंदणी केली म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही. अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये अनामत भरावी लागते, आणि पहिल्या फेरीनंतर जागा मिळूनही रुजू न झाल्यास ती जप्त होऊ शकते. सहज म्हणून ही नोंदणी करू नका.

पसंतीक्रम भरताना गेल्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे कॉलेजं लावणं ही नेहमीची चूक. क्रम आवडीचा लावा. वरची कॉलेजं न मिळाल्याने खालच्या पसंतीचा हक्क कमी होत नाही. जिथे जायचंच नाही ते कॉलेज मात्र यादीत लिहू नका. आणि पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. त्यामुळे मिळालेल्या बीडीएस जागेवर समाधान असेल तर ती राखण्याचा पर्याय मुदतीत भरा. दूरच्या गावातल्या एमबीबीएसच्या जास्त शुल्काच्या जागेला वर लिहिलं असेल आणि ती परवडणार नसेल, तर ती ओळ यादी लॉक करण्याआधीच काढा.