मंडळी गायली पाहिजे: चर्चची वर्शिप टीम चालवायची कशी

जय ख्रिस्त! रविवारी तिसऱ्या गाण्याला एकदा माईकपासून दोन पावलं मागं या आणि नुसतं ऐका, हॉलमधून गाण्याचा आवाज येतोय का? आमच्याकडे सुरुवातीच्या काळात एकदा भर कोरसमध्ये लाईट गेली, कीबोर्ड बंद, माईक बंद, आणि एकदम शांतता. फक्त ड्रमर पुढचे दोन ठेके वाजवत राहिला बिचारा. शंभरेक माणसं उभी होती आणि त्यातलं कोणीच गात नव्हतं, सगळे आमच्याकडे बघत होते. आम्हाला वाटत होतं काय भारी वर्शिप चाललीय. त्या दिवसापासून माझं एकच माप आहे, मंडळी म्हणजे समोर जमलेले लोक, ती गातेय की नाही, बाकी लाईट्स, पॅड्स, ट्रॅक्स सगळं नंतर. खाली जे लिहितोय ते मराठी मंडळीत लीड करणाऱ्यांसाठी, जिथे उपासना संगीत या मराठी गीतांच्या पुस्तकातलं गीत, हिंदी कोरस आणि इंग्लिश गाणं एकाच सर्व्हिसमध्ये येतं.

सगळ्यात आधी स्केल, म्हणजे गाणं कोणत्या पट्टीत गायचं ते, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो असं माझं मत आहे. आपण यूट्यूबवर गाणं ऐकतो, गाणारा भाऊ उंच आवाजाचा, तो पांढरी सातमध्ये (पेटीची सातवी पांढरी, म्हणजे बी) गातो आणि कोरसमध्ये वर एफ शार्पला जातो, आपण तेच ओरिजिनल स्केल घेतो कारण व्हिडिओ लावून प्रॅक्टिस करायला सोपं पडतं. पण मंडळीतल्या काकू सकाळी नऊला उठसूट एफ शार्प कशा लावणार? त्या गप्प बसतात, आणि आपण म्हणतो मंडळीत आत्मा नाही. अहो आत्मा आहे, स्केल चुकलंय. उपाय साधा आहे, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा आणि तो डी म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी दोन, याच्या वर जाणार नाही असं बघा, फार तर एखाद्या ठिकाणी ई. म्हणजे वरचं उदाहरण घेतलं तर एफ शार्पवरून डीवर यायला काळ्या-पांढऱ्या मिळून चार सूर खाली, पांढरी सातचं गाणं पांढरी पाचमध्ये, जी मेजर, गिटारवाला पण खूश. खालची बाजूपण तपासा, मधल्या 'सा'पासून फार खाली गेलं तर बायकांचा आवाज नुसता पुटपुटल्यासारखा येतो. आणि ते पहिलं कडवं खाली, मग शेवटी एकदम सप्तक उडी मारायची जी फॅशन आहे ना, ती सोलो गाणाऱ्याला शोभते, मंडळीबरोबर गाताना शक्यतो टाळाच.

लीड करणारा पुरुष असेल तर त्याला हे स्केल जरा खाली वाटेल, ताई असेल तर तिला कधी कधी वर. त्यांचा आवाज कुठे छान लागतो हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न मंडळीचा.

तबला असेल तर अजून एक गोष्ट, जी कीबोर्डवाल्या मुलांना माहितीच नसते. ते ट्रान्सपोजचं (स्केल बदलायचं) बटण दाबतात आणि झालं, पण तबला एका सुरात लावलेला असतो, हातोडीने एखाद सूर इकडेतिकडे होतो, दर गाण्याला स्केल बदललं तर तबलजी काय करणार? पण तबला फक्त 'सा'लाच लावतात असं नाही, 'प' किंवा 'म'ला पण लावलेला चालतो. म्हणजे काळी एकचा तबला असेल तर काळी एकमधलं गाणं होईल, काळी तीनमधलं होईल (तिथे तो प होतो) आणि काळी चारमधलं पण (तिथे म). अख्खी यादी या तीन स्केलमध्ये बसवता येते. गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे शेप धरले की काळी एक, तिथेच जीचे शेप धरले की काळी चार, आणि काळी तीनला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ईचे शेप. हे एकदा कागदावर लिहून गिटारच्या केसमध्ये चिकटवा, दर शनिवारी होणारं भांडण संपेल.

गाणी किती? आमच्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत चार, क्वचित पाच. त्यात महिन्याला एकच नवीन, आणि नवीन शिकवलं की पुढच्या रविवारी परत, मग एक रविवार सोडून परत, तेव्हा कुठे ते मंडळीचं होतं. दर आठवड्याला नवीन गाणं आणणारा लीडर मंडळीला प्रेक्षक बनवतो. आपल्याला कंटाळा येतो कारण आपण ते गाणं घरी पन्नास वेळा वाजवलेलं असतं, समोरच्या आजोबांनी दोनदा ऐकलेलं असतं.

आता इंग्लिशवरून मराठीत केलेली गाणी, याच्यावर जरा बोलायचंच आहे. अर्थ बरोबर असतो, शब्द पण बायबलमधले असतात, तरी तोंडात बसत नाहीत, का? कारण इंग्लिश चाल जोरावर चालते आणि मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घावर. 'करुणा' मधला 'रु' ऱ्हस्व, आणि चाल नेमकी तिथेच चार मात्रा थांबते, मग मंडळी गाते 'करूऊऊणा'. 'परमेश्वर' हा एवढा मोठा शब्द दोन सुरांच्या जागेत कोंबलेला असतो. नाहीतर श्वास घ्यायची जागा शब्दाच्या मध्येच, 'तुझी कृ' आणि मग 'पा पुरे'. नवीन भाषांतर हातात आलं की आधी चाल विसरून ते टाळी देत नुसतं बोलून बघा, मग चालीत म्हणा, जिथे बोलण्यातला लांब सूर आणि चालीतला लांब सूर जुळत नाही तिथे शब्द बदला. बदलायला घाबरू नका, फक्त पाळकांना एकदा दाखवा, कारण आपण चाल सांभाळता सांभाळता शिक्षण बिघडवू शकतो.

नारायण वामन टिळकांनी हेच ओळखलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस मुळात मराठी कवी, त्यांनी परक्या चालीवर मराठी शब्द ठोकून बसवण्यापेक्षा अभंग, ओवी, भजन हे आपले साचे वापरले. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग कोणालाही शिकवावा लागत नाही, तो मराठी माणसाच्या कानात आधीच असतो. म्हणून यादीत एक तरी गीत त्या परंपरेतलं ठेवा, आणि त्याला ड्रम्स लावून 'मॉडर्न' करायची घाई नको. भजनी किंवा केरवा ठेका आठ मात्रांचा, तो चार-चारच्या बीटवर मस्त बसतो, दादरा सहा मात्रांचा, तो सिक्स-एट वाल्या संथ गाण्यांचा भाऊच. भैरवीसारखी चाल असेल तर गिटारवाल्याने दर मात्रेला कॉर्ड बदलायचा हट्ट सोडावा, कोमल रेला नेहमीचे कॉर्ड भिडतात, तिथे नुसता सा-पचा ड्रोन (एकसारखा चालू ठेवलेला सूर) धरा, जास्त सुंदर वाटतं.

गाणी ठरली की मंगळवारपर्यंत ग्रुपवर एकच मेसेज जायला पाहिजे, तुकड्यातुकड्यात नाही. साधारण असा: "रविवार. गाणं १, काळी एक, केरवा, सुरुवात फक्त ढोलकी, कोरस दोनदा. गाणं २, काळी चार, सिक्स-एट, पहिलं कडवं फक्त कीबोर्ड, शेवटी कोरस वाद्यांशिवाय. कॉर्ड आणि लिंक खाली. घरी पाठ करून या, शनिवारी शिकवणार नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लिंक ओरिजिनल स्केलची असेल तर तसं लिहा, नाहीतर कोणीतरी त्याच स्केलमध्ये तयारी करून येतो आणि मग तोंड पाडून बसतो.

शनिवारची प्रॅक्टिस दोन तास धरा, त्यातला पाऊण तास केबल लावण्यात जाणार हे गृहीत धरा. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाच वेळा वाजवण्यात अर्थ नाही, कडव्याच्या मध्ये कोणी चुकत नाही, सगळे चुकतात ते सुरुवातीला, शेवटाला आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना. म्हणून नुसते सांधे वाजवा. शेवटच्या चार ओळी, मग पुढच्या गाण्याच्या पहिल्या चार, बस. लय पळते का बघायला फोनवर मेट्रोनोम लावा, संथ गाण्यात ७२ ने सुरू केलेलं शेवटी ८० ला पोचलेलं असतं आणि सगळे ड्रमरकडे बघतात, पण बऱ्याचदा पळवणारा गिटारवाला असतो, हे मी स्वतः गिटारवाला असून सांगतोय.

सगळ्यांनी सगळा वेळ वाजवायचं नसतं. बेस गिटार असेल तर कीबोर्डवाल्याने डावा हात खिशात घालावा, दोघं एकाच खालच्या पट्टीत वाजवत बसले की नुसता चिखल होतो. दोन गिटार असतील तर एकाने कॅपो लावून वर वाजवावं. आणि प्रत्येक सर्व्हिसमध्ये एकदा तरी पूर्ण वाद्यं थांबवा, फक्त आवाज, फार तर एखादी खंजिरी. पहिल्यांदा मंडळी दचकेल, दुसऱ्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मोकळी होईल.

ऐन वेळी कोरस परत घ्यायचा असतो तेव्हा माईकवर "परत, परत" ओरडू नका, हाताच्या खुणा ठरवा. आमच्या अशा आहेत, बोट गोल फिरवलं की कोरस परत, डोक्यावर हात म्हणजे सुरुवातीपासून, मूठ म्हणजे थांबा. कॉर्ड नंबरने शिका, एक-पाच-सहा-चार असं (स्केलच्या पहिल्या सुरावरचा कॉर्ड तो एक), म्हणजे स्केल बदललं तरी डोकं बदलावं लागत नाही आणि पाठीमागे चार बोटं दाखवली की बेसवाल्याला कळतं.

माणसांचं सगळ्यात अवघड. कोणी बेसूर गात असेल तर रविवारी स्टेजवर डोळे वटारायचे नाहीत, मधल्या दिवशी चहाला भेटा, आणि खोटं पण बोलू नका. "भावा, हार्मोनियमवर रोज दहा मिनिटं सा धर, महिन्याने परत ऐकू" असं स्पष्ट सांगितलेलं माणसाला बरं वाटतं, हळूच माईकचा आवाज बंद करून ठेवलेला कळला तर तो चर्च सोडतो. मी हे केलंय, आणि तो मुलगा परत आला नाही. ज्येष्ठ पेटीवाले काका असतील तर नवीन मुलांनी त्यांना बाजूला सारू नये, जुन्या गीतांच्या खऱ्या चाली त्यांनाच येतात, आधी रेकॉर्ड करून घ्या. आणि रोटा, म्हणजे पाळ्यांची यादी करा. एका माणसाला महिन्यातले चारही रविवार लावायचे नाहीत, निदान एक रविवार त्याने आईबापाशेजारी बसून नुसतं गावं. दाविदाने २८८ गाणारे-वाजवणारे बारा-बाराच्या २४ पाळ्यांत वाटले होते, १ इतिहास २५ वाचा, आणि आपण सहा माणसांत बदली नको म्हणतो!

दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचं तर एक वचन, दोन वाक्यं. संदेश द्यायला पाळक आहेत. त्यांच्याशी सकाळी दोन मिनिटं बोलून घ्या, शेवटच्या गाण्यानंतर प्रार्थना कोण करणार, तेव्हा मागं कीबोर्ड हळू चालू ठेवायचा की बंद. नाहीतर पास्टर उभे आणि आपण अजून एकदा कोरस, फार ओशाळवाणं होतं.

स्लाईडवाला पण टीममध्येच धरा, त्याला प्रॅक्टिसला बोलवा. पुढची स्लाईड ओळीचे शेवटचे दोन शब्द चालू असतानाच यायला हवी, ओळ संपल्यावर नाही. जुनी गीतं कोणीतरी श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाईप केलेली असतात आणि दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, ती एकदाच बसून युनिकोडमध्ये टाईप करा. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर ओपनएलपी हे स्लाईड दाखवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एका स्लाईडवर चारच ओळी, आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांना देवनागरी भरभर वाचता येत नसेल तर खाली रोमन लिपीत द्या, त्यात कमीपणा नाही.

साऊंडचं थोडक्यात. पत्र्याचा किंवा टाईल्सचा हॉल असेल तर आवाज आदळतो, तिथे सिंबल्सवर हात आवरा. माईकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी त्यानेच येते. मागच्या रांगेत उभं राहिल्यावर शेजारच्या माणसाचं गाणं ऐकू आलं पाहिजे, नाही आलं तर मास्टर (सगळ्याचा एकूण आवाज) खाली घ्या, गिटारवाला रुसला तरी चालेल.

यूट्यूबवर लाईव्ह करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, धार्मिक विधीत गाणं गायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सूट आहे, पण व्हिडिओ चॅनेलवर कायमचा ठेवणं ही वेगळी गोष्ट, तिथे कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. टिळकांचे शब्द मोकळे आहेत, ते १९१९ मध्ये गेले आणि आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, पण कोणीतरी नवीन केलेलं रेकॉर्डिंग उचलून लावलं तर ते मोकळं नाही.

लाईट जाणार हे धरूनच चला. एक अकूस्टिक गिटार, ढोलकी आणि सगळ्यांना पाठ असलेली दोन गीतं कायम तयार. वायरलेस माईकचे सेल दर रविवारी बदला, अर्धे वापरलेले घरी रिमोटला लावा. आणि केबल कोपरावर गुंडाळू नका रे, आतली तार पिळवटते, जमिनीवर मोठे मोठे वेढे घालून ठेवा.