कातरवेळी आई म्हणते, ‘मला घरी जायचंय’

दिवेलागण झाली की आमची आई पदर खोचून पिशवी शोधायला लागायची. पिशवीत एक पातळ, चष्म्याचं रिकामं घर आणि कधी कधी टीव्हीचा रिमोट. “मला घरी सोड गं, दादा वाट बघत असेल.” चाळीस वर्षं जिथे संसार केला, त्याच घरात उभी राहून ती हे म्हणायची. तिचा दादा जाऊन तोवर अकरा वर्षं झाली होती.

डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारात, अशी संध्याकाळ अनेक घरांत येते. डॉक्टर तिला सनडाउनिंग म्हणतात. दिवसभराचा शीण, झोपेचं बिघडलेलं चक्र आणि अंधुक उजेडात लांबणाऱ्या सावल्या, सगळं एकदम अंगावर येतं. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे ‘आमच्याकडेच असं का’ हा प्रश्न मनातून काढून टाका.

१. आधी दुखणं शोधा

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर तो आजार पुढे सरकला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, दुखणारी दाढ यांतलं काहीही असू शकतं, आणि माणसाला ते सांगता येत नाही. पडून डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूवर रक्त साचून काही आठवड्यांनीही त्रास दिसतो. सर्दी-ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही भ्रम वाढतो, म्हणून चालू औषधांची सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा. निदानच झालं नसेल, तर बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी व्हायला हवी. त्यांच्या कमतरतेमुळे आलेला विसर उपचारांनी बराच सुधारू शकतो. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलं की ही संधी जाते.

२. उत्तर बदला

“अगं आई, हेच तर तुझं घर!” हे मी शेकडो वेळा म्हटलं. एकदाही उपयोग झाला नाही. एका संध्याकाळी चिडून मी म्हणाले, “मामा गेला, आई.” ती तेव्हाच कळल्यासारखी रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दादाची वाट. तेव्हा मला उमगलं की खरं सांगून मी तिला रोज नव्याने सुतक देत होते.

‘घरी जायचंय’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला इथे सुरक्षित वाटत नाही’ एवढाच असतो. त्याला उत्तर द्या. शेजारी बसा, हात धरा, “दादाची आठवण येतेय का गं?” असं विचारा. मग त्या घरातलंच बोलतं करा: विहीर कुठे होती, चूल कोण पेटवायचं. आई परसातल्या शेवग्यापर्यंत पोचली की पिशवी आपोआप खाली ठेवायची. नाहीच ठेवली, तर “चल, जाऊया” म्हणून आम्ही चौकापर्यंत चक्कर मारायचो. परत दारात आल्यावर ती म्हणायची, “आलं बाई घर.”

३. अंधार पडायची वाट बघू नका

चार-साडेचारलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढा. आरशात दुसरी बाई दिसून घाबरत असतील, तर त्यावर चादर टाका. दुपारनंतर चहा कमी करा, बातम्यांचा आरडाओरडा बंद. हाताला काम द्या: मेथी निवडणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या. वाती वाकड्या झाल्या तरी दुरुस्त करू नका.

४. दाराची काळजी घ्या

कडी नजरेच्या वर बसवा, पण बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटं कधीच ठेवू नका. गळ्यात किंवा मनगटावर फोन नंबर हवा. वॉचमन, वाणी आणि शेजाऱ्यांना आजार उघड सांगा, यात लाज कसली? माणूस हरवलंच, तर चोवीस तास थांबायचं नसतं. लगेच ११२ ला फोन करा आणि ताजा फोटो द्या.

५. सांभाळणारीच्या सुट्टीचा वार ठरवा

बहुतेक घरांत सगळा भार एकाच बाईवर, सुनेवर किंवा घर सोडून न गेलेल्या लेकीवर पडतो. बाकीचे म्हणतात, “काही लागलं तर सांग.” तेव्हा नेमकं सांगा. मी भावाला म्हणाले, “दादा, रविवारी चार ते आठ तू आणि वहिनी. मी घरात नसेन.” पहिल्या रविवारी चार वेळा फोन आला, तिसऱ्या रविवारी एकदाही नाही. वहिनी आईच्या केसांना तेल लावत बसायची, आणि मी बहुतेक वेळा मैत्रिणीकडे जाऊन नुसती झोपायचे.

जवळ कुणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनला, १४५६७ वर, सकाळी आठ ते रात्री आठ फोन करता येतो. तुमचाच धीर सुटत असेल, आईवर हात उगारावासा वाटला असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.