इनटेक बदलायच्या आधीचा लॉग: ऑक्टाव्हिया आरएसच्या एअरफ्लो सेन्सरची तयारी

नवा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप आणि फिल्टर, घरात येऊन पडला की हात शिवशिवतात आणि जुना एअरबॉक्स काढायला वेळही फार लागत नाही. काढू नका. गाडी आहे तशी, जुना डबा आणि जुना फिल्टर जागेवर असतानाच लॅपटॉपला जोडा आणि लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घ्या. नव्या पाइपसाठी एअरफ्लो सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं, कॅलिब्रेशन करावं लागतं आणि ते सगळं त्या एका लॉगवर उभं राहतं. मागच्या वेळी माझा तोच राहिला आणि नवा पाइप उतरवून, जुना डबा परत चढवून तो घ्यावा लागला.

मी पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसबद्दल लिहितोय. १.८ लिटरचं २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, १५० पीएस, बॉशचा एमई ७ मालिकेतला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. दुसरी गाडी असेल तर तिच्यात एअरफ्लो सेन्सर आहे का ते आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो नसतोच, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे हा खटाटोप लागत नाही.

इतका जीव का टाकायचा, तर सेन्सर सगळी हवा मोजत नाही. पाइपमध्ये जिथे त्याची तापलेली फिल्म बसलीय, तिथून हवा किती जोराने जाते तेवढंच त्याला कळतं. सेन्सरच्या कुठल्या व्होल्टेजला किती हवा, हे सांगणाऱ्या ईसीयूच्या तक्त्यात पाइपच्या मापाचा हिशेब आधीच धरलेला असतो. आतला व्यास ६० मिलिमीटरचा ७० झाला तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. सेन्सर जुनाच आकडा सांगत राहतो आणि इंजिनात हवा जाते तिच्या सव्वापटीहून जास्त. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, हे सगळे सांगतात. त्याहून वाईट गोष्ट कमी लोक सांगतात. याच आकड्यावरून ईसीयू लोड, म्हणजे सिलिंडर हवेने किती भरतोय ते, काढतो आणि लोडवरून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, ठरवतो. लोड कमी दिसला की टायमिंग पुढे जातं, आणि टर्बो इंजिनात पूर्ण थ्रॉटलवर ते नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याला, निमंत्रण आहे. म्हणून “ईसीयू शिकून घेईल, चालव बिनधास्त” असं गॅरेजमध्ये कोणी म्हणालं तर ऐकू नका. ईसीयू इंधन सावरतो, तेही एका मर्यादेपर्यंत. लोडचा आकडा चुकीचाच राहतो.

आता लॉगमध्ये काय हवं. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद. व्हीसीडीएसमध्ये (या गाड्यांचा ईसीयू वाचायचं सॉफ्टवेअर) मेझरिंग ब्लॉक ०३२ मध्ये ट्रिमचे, म्हणजे ईसीयूने शिकलेल्या इंधनाच्या दुरुस्तीचे, दोन आकडे दिसतात, पहिला आयडलचा, म्हणजे बेरजेचा, दुसरा पार्ट लोडचा, म्हणजे गुणाकाराचा. दोन्ही लिहून घ्या. आणि फॉल्ट कोड क्लिअर करू नका! कोड पुसले की हे शिकलेले आकडेही शून्यावर येतात आणि गाडीने महिनोन्महिने जमवलेली माहिती एका क्लिकमध्ये जाते. ब्लॉक ००३ मधून आयडलची हवा घ्या. गरम इंजिनाला ती सेकंदाला तीन ग्रॅमच्या आसपास असते. मग तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून वरपर्यंत एक पूर्ण थ्रॉटलचा पुल, म्हणजे पेडल पूर्ण दाबून एका दमात धाव. ढोबळ हिशेबाने सर्वोच्च ग्रॅम प्रति सेकंद म्हणजे ताकदीच्या ०.८ पट, म्हणून १५० च्या गाडीत साधारण १२० दिसायला हवेत. नव्वद-पंच्याण्णव दिसले तर सेन्सरच थकलेला असू शकतो. या गाड्या आता जुन्या झाल्यात आणि बॉशचे हे हॉट फिल्म सेन्सर वयानुसार कमी वाचायला लागतात. मरायला टेकलेल्या सेन्सरचं कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही, आधी सेन्सर बदला आणि लॉग परत घ्या. हो, परत, जुन्या डब्यावरच.

पुल रस्त्यावर करू नका. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा ताशी १०० ची आहे आणि तिसऱ्यात लाल रेषेकडे गेलात की ती मागे पडते. डायनोचे, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवायच्या यंत्राचे, पैसे मोजा. लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडी चालवणं तर अजिबात नको.

इंधनाचं इथेच सांगून टाकतो. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७, ई२० चं साधारण १३.५. म्हणजे नुसत्या इंधनामुळे ट्रिम सात-आठ टक्के वर सरकू शकतो आणि त्यात इनटेकचा दोष काडीचाही नसतो. जुना लॉग नसेल तर हे सात-आठ टक्के तुम्ही इनटेकच्या नावावर टाकणार, तक्ता तेवढा फुगवणार, आणि लोड उलट्या बाजूने चुकणार. आलं लक्षात, मी का ओरडतोय? दोन्ही लॉग एकाच पंपाच्या, शक्यतो एकाच टाकीतल्या पेट्रोलवर घ्या. दोन वर्षांपूर्वीचा लॉग सापडला म्हणून तोच चालवून घेऊ नका. आणि मिश्रण नेहमी लॅम्डामध्ये (हवा आदर्शाच्या किती पट) वाचा, एएफआरमध्ये (हवा-इंधनाचं नुसतं प्रमाण) नको. इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ म्हणजे १.

सामानात व्हीसीडीएस, पाइपात धूर सोडून गळती दाखवणारी स्मोक मशीन (भाड्याने किंवा गॅरेजमध्ये), चांगले क्लॅम्प, सेन्सरची नवी ओ-रिंग आणि वाइडबँड, म्हणजे लॅम्डाचा नेमका आकडा देणारा सेन्सर. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर पुरतो. नॅरोबँडवर पूर्ण थ्रॉटलचं काम करू नका, तो फक्त लॅम्डा १ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो.

सेन्सर बसवताना बाण हवेच्या दिशेने, इंजिनाकडे. वळणाला चिकटून बसवू नका, आधी जमेल तेवढा सरळ पाइप ठेवा, नाहीतर हवा भोवऱ्यासारखी येते आणि आकडे नाचतात. जाळी असेल तर ती हवा सरळ करण्यासाठीच आहे, काढू नका. फिल्टर तेलाचा असेल तर तेल बेताने लावा, जास्तीचं फिल्मवर जाऊन बसतं. सफाई फक्त एमएएफ (एअरफ्लो सेन्सर) क्लीनरने. बोट नको, कापूस नको, कॉम्प्रेसरची हवा नको. बसवल्यावर चावी चालू, इंजिन बंद ठेवून सिग्नल बघा. या सेन्सरला हवा नसताना साधारण १ व्होल्ट यायला हवा.

मग गळती. या इंजिनात सेन्सरनंतरच्या पाइपला क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आणणारी) नळी आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचा जास्तीचा दाब सोडणारा) परतीचा पाइप येऊन मिळतात. ब्रीदरची रबरं इतक्या वर्षांत कडक झालेली असतात. जुना पाइप ओढताना नळी तोंडापाशी चिरते, वरून नीट दिसते आणि चीर असते खालच्या बाजूला. तिथे बोट फिरवून बघा. त्यानंतर स्मोक टेस्ट करा. ओळखायचं असं: बेरजेचा आकडा वर गेला आणि गुणाकाराचा जागेवर राहिला, तर कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय. गुणाकाराचा वर गेला तर माप बदललंय. पण “वर गेला” म्हणजे कशापासून वर? त्या जुन्या लॉगपासून. तो नसेल तर ही ओळख पटत नाही आणि तुम्ही गळतीलाच कॅलिब्रेट करून बसता. पुढे कोणीतरी नळी बदलतो आणि गाडी रिच, म्हणजे जास्त इंधनावर, धावते.

आता नवा लॉग, त्याच क्रमाने. कोड क्लिअर झाले असतील तर आधी आयडल आणि संथ हायवे मिळून पुरेशी गाडी चालवा, मगच वाचा. दुरुस्ती सोपी आहे. त्या व्होल्टेजला जुन्यापेक्षा ट्रिम १२ टक्के वर असेल तर तिथला हवेचा आकडा गुणिले १.१२. एमई ७ च्या ५१२ जागांच्या तक्त्यात २०० किलो प्रति तासाचा ऑफसेट मिसळलेला असतो. तो वजा करून गुणा, मग परत मिळवा. थ्रॉटल स्थिर असतानाचेच नमुने धरा. रेघ गुळगुळीत ठेवा, एखादा दात वर आला तर तो नमुन्यांचा दोष समजा. पूर्ण थ्रॉटलचा भाग वाइडबँडवरून करा, मोजलेला लॅम्डा भागिले मागितलेला. ट्यूनर म्हणाला की इंजेक्टरचा स्थिरांक वाढवून भागवू, तर नाही म्हणा, लोड चुकीचाच राहील.

नवा तक्ता ईसीयूत फ्लॅश करताना, म्हणजे लिहिताना, बॅटरी चार्जरवर. मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी, जुना लॉग तिच्याच फोल्डरमध्ये. बॅटरी काढली असेल तर बेसिक सेटिंग ०६० मधून थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन. परत लॉग, परत तुलना. फरक तीन-चार टक्क्यांत आला की थांबा. पीयूसी नव्याने काढा. फिल्टर खाली लोंबत असेल तर पावसाळ्याआधी जुना डबा परत बसवा, आणि तक्ताही परत मूळचा टाका.