धरणाकाठी पहिला एकट्याचा मुक्काम: या चुका टाळा

मे संपत आला, काजव्यांचे दिवस जवळ आले की मला फोन सुरू होतात. "दादा, सायकलवर एकटाच भंडारदऱ्याला चाललोय, काय काय घेऊ?" काय घेऊ हे सगळे विचारतात, किती वाजता पोचू हे कुणीच विचारत नाही. पहिल्या मुक्कामात जे जे बिघडलेलं मी पाहिलंय, ते बहुतेक उशिरा पोचल्यामुळेच बिघडलंय.

माझंही तसंच झालं होतं. नाशिकहून घोटी-बारीमार्गे शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव, साधारण 70 किलोमीटर. दुपारी तीनला पोचलो, पाय ताजे वाटत होते, म्हणून तसाच जलाशयाला वळसा घालायला निघालो. तो वळसा 40 किलोमीटरच्या वर आहे आणि सारखा चढउताराचा. जलाशयाकाठच्या रतनवाडी गावाच्या अलीकडेच अंधार पडला. शेतीसाठी धरणातून पाणी सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठ उघडा पडतो. टॉर्चच्या उजेडात तो कोरडा, सपाट गाळ अंगणासारखा दिसला. तंबूच्या खुंट्या नुसत्या हाताने दाबल्या तरी आत गेल्या, आणि मला त्याचं बरं वाटलं. जी खुंटी इतकी सहज जाते ती तितकीच सहज निघते, हे तेव्हा सुचलं नाही.

रात्री दीडच्या सुमारास वळीव आला. आधी वारा. वाऱ्याकडच्या दोन खुंट्या उपटल्या, दांडी वाकली, कापड तोंडावर आलं. मग पाऊस, आणि दहा मिनिटांत त्या गाळाचा चिकट राडा झाला. सायकल ढकलायला गेलो तर टायर आणि ब्रेकच्या मध्ये चिखल ठासून बसलेला, चाक फिरेना. शेवटी सायकल खांद्यावर घेतली आणि रस्त्यापर्यंत दोन खेपा केल्या. उघड्या सपाटीवर मी एकटाच उभा, वर विजा कडाडतायत. ती भीती अजून अंगात आहे. वाडीतल्या एका आजींनी पडवीत घेतलं, चूल पेटवून चहा दिला. सकाळी काडीने चिखल कोरून काढायला दोन तास लागले.

तेव्हापासून माझा नेम आहे: चार वाजता चाक थांबलं पाहिजे, जागा कितीही जवळ दिसली तरी. सामान उतरवण्याआधी काठाने फिरून येतो. पाणी चढतं तिथवर काटक्या आणि पाचोळ्याची एक ओळ राहिलेली असते. तंबू तिच्या बराच वर, मुरमाड जमिनीवर, जिथे खुंटी दगडाने ठोकावी लागते. एकट्या उंच झाडाखाली नाही. जमीन कुणाची हे विचारायचं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावरही विचारायचं. विचारल्याने परवानगी आहे की नाही ते तर कळतंच, शिवाय आपण रात्री कुठे आहोत हे गावात कुणाला तरी ठाऊक राहतं. एकट्याला याहून मोठा आधार नाही. पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ मुक्काम नकोच. घाटघर-रतनवाडीचा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो.

पाठीवर सॅक घेऊन घाट चढू नका. वजन कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखं, जड ते खाली.

थंडीत तंबू सगळीकडून बंद केला की सकाळी आतून पाणी ठिबकतं आणि लोक तंबूला नावं ठेवतात. ती आपल्याच श्वासाची वाफ असते. जाळी थोडी उघडी ठेवा.

तंबूत स्टोव्ह कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. पहिल्या खेपेला तर स्टोव्ह घरीच ठेवा आणि गावात पिठलं-भाकरी खा.

पोहता येत असलं तरी एकटे असताना धरणात उतरू नका. गाळात पाय रुततो, आणि दोन पावलांवर किती खोल आहे हे वरून कळत नाही.

नवा तंबू गच्चीवर, दिवा बंद करून, एकदा तरी उभा करून पाहा. याला कंटाळणाऱ्यांना मी पुढचं काही सांगत नाही.

आता पंक्चर. घाईने ट्यूब बदलायची, हवा भरायची, निघायचं, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसलेलं. बाभळीचा काटा टायरमध्येच मोडून राहिलेला असतो, बाहेरून दिसतही नाही. पंक्चरचं द्रावण टायरमध्ये ओतून काम भागतं असं हल्ली नवखे सांगतात. ते शहरात ठीक. एकट्याने लांब जायचं तर हाताने पंक्चर काढता आलंच पाहिजे. मी जुनी ट्यूब टायरवर धरून भोक नेमकं कुठे येतं ते पाहतो, मग त्या जागी आतून कापडाचा तुकडा फिरवतो. काट्याला धागा अडकतो, बोटही वाचतं. काटा चिमट्याने निघाल्याशिवाय नवी ट्यूब पिशवीतून बाहेर काढत नाही.